दस्तुरखुद्द

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर रवळनाथ चौगुल्यांची चित्रशाळा होती. गिरणी सुरू असली की पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. म्हणून माणसाचे डोळे ते फक्त दुपारी एक ते चारच्या दरम्यान काढत. तेव्हा गिरणीवाला जेवून आडवा झालेला असे. केस, फेट्याच्या घड्या, शालीची वीण ही कामं घरघरीत चालून जात. डोळ्यांचं तसं नसतं. बुबुळातला उजेडाचा ठिपका केसभर सरकला तरी माणूस बदलतो, असं ते म्हणत.

तीस वर्षं त्यांनी शिसपेन्सिलीवर काढली. रंगाला कधी हात लावला नाही. लोक गेलेल्या माणसाचा एखादा पिवळा पडलेला फोटो घेऊन येत आणि दीड महिन्यानं असं चित्र घेऊन जात, की बघणाऱ्याचा हात आपसूक काचेकडे जाई. यंत्रं डोळ्याची पापणी लवायच्या आत हवं ते चित्र काढून द्यायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की चौगुले मास्तरांचं दुकान उठलं. झालं उलटंच. फुकट मिळणाऱ्या चित्रांना लोक इतके विटले की हातानं काढलेल्या चित्राला मान आला. तसा शिक्काच निघाला, 'हस्तनिर्मित'. मास्तरांकडे तीन-तीन वर्षांचे नंबर लागले.

पण हात एकच होता आणि तोही छप्पन्न वर्षांचा. चौदा जण शिकायला आले, तेरा निघून गेले. एका गालाच्या कातडीसाठी चाळीस तास बसायचं, हे कुणाला परवडणार? चौदावी त्यांची मुलगी, शाल्मली. ती नऊ वर्षं बसली.

तिच्यात चिकाटी होती, नजर होती. पण तिची रेघ जोरात पडायची. जिथं मऊ छाया हवी तिथं ती एखादी काळीभोर रेघ ओढून मोकळी व्हायची. तिनं काढलेले चेहरे फोटोसारखे दिसत नसत. कुणी हाक मारली म्हणून आत्ताच वळलेत, असे दिसत. गिऱ्हाईक यायच्या आत रवळनाथ खोडरबर घेऊन ते सारखे करत.

"तुझ्या हाताला वळण नाही गं," ते म्हणायचे. रागानं नाही, काळजीनं म्हणायचे. त्यांच्यामागं ही विद्या जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

अशा वेळी पुण्याहून डॉ. अस्मिता पाध्ये आल्या. 'करविद्या' नावाच्या कंपनीत त्या संशोधक होत्या. त्यांनी पिशवीतून पातळ, कातडीच्या रंगाची एक बाही काढून टेबलावर ठेवली.

"बोटं हलवणारे बहुतेक स्नायू बोटांत नसतातच, सर. ते इथं असतात," त्यांनी स्वतःच्या कोपराखाली हात ठेवला. "मेंदूकडून विजेचा बारीकसा इशारा येतो, स्नायू आखडतो, दोरी ओढल्यासारखं बोट हलतं. ही बाही ते इशारे वाचते. कुठला स्नायू, किती जोरात, किती वेळ, सगळं. तुम्ही नेहमीसारखं काम करायचं, ही नोंद करत राहील."

"आणि मग?"

"मग तीच बाही दुसऱ्यानं घातली की उलटं चालतं. तुमचे इशारे ती त्याच्या स्नायूंना देते. समोर चेहरा ठेवला की तुमचा हात तिथं जसा चालला असता, तसा त्याचा चालतो. महिनाभरात त्याचा मेंदू ते शिकून घेतो. पुढं बाही काढून ठेवली तरी हात तयार राहतो."

रवळनाथांनी बाही उचलून स्वतःच्या हाताशी धरून पाहिली. नऊ वर्षांचं काम महिन्यावर आलं होतं. त्यांना त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती आशा.

सात महिने त्यांनी बाही घालून काम केलं. एकोणीस चेहरे काढले. म्हातारे, तान्ही पोरं, देवीचे वण असलेला एक पैलवान, दाढी, सुरकुत्या, ओले ओठ. जे जे येत होतं ते सगळं दिलं. नोंद पुरी झाल्यावर त्यांनी अट घातली ती एकच: तयार झालेली पहिली बाही शाल्मलीला मिळायची.

बाही घेऊन डॉ. पाध्ये स्वतः आल्या. कागदपत्रं झाली. एका रकान्यापाशी त्या थांबल्या.

"आणखी एक. बाही घालायच्या आधी शिकणाऱ्याचा स्वतःचा हात दोन दिवस नोंदवून ठेवता येतो. सक्ती नाही. पुढंमागं लागला तर असावा म्हणून. शिक्षकानं ठरवायचं."

रवळनाथ हसले. "तिचा हात कशाला? त्यातलंच तर दुरुस्त करायचंय."

शाल्मलीही हसली. जरा उशिरा हसली, पण हसली. रवळनाथांनी 'गरज नाही' या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली.

त्याच दुपारी, गिरणी बंद असताना, शाल्मलीनं एक डोळा काढला. नुसता एक डोळा, भुवईसकट. तासाभरात कागदावर जे उमटलं ते बघून रवळनाथ जिन्यात जाऊन उभे राहिले, कारण पोरीसमोर रडायचं नव्हतं. ती मागून धावत आली.

"बाबा, ढकलल्यासारखं वाटतच नाही हो! माझाच हात चालतोय. मीच काढतेय!"

"तूच काढतेयस," ते म्हणाले. "तूच."

पुढचं वर्षभर बापलेक माडीवर समोरासमोर बसून काम करत. ती त्यांच्याच वेगानं, त्यांच्याच सफाईनं काढायची. खोडरबराची गरज उरली नव्हती. दोन महिन्यांनी तिनं बाही काढून खुंटीला लावली, तरी हात तसाच चालला. रवळनाथांना वाटलं, आता आपण सुखानं मरू.

बाही मग सगळ्यांना मिळायला लागली. वर्षाअखेरीस तीस हजारांवर लोक ती वापरत होते. एक दिवस नेसरीचे बसवराज हत्तरगी एक चौकट काखेत घालून आले. जुनं गिऱ्हाईक.

"मास्तर, हे कवा काढलंय, ओळखा बघू."

रवळनाथांनी भिंग लावलं. भुवईचे केस शेवटाला किंचित डावीकडं झटकायची त्यांची सवय होती. ती तिथं होती. हनुवटीखालची छाया त्यांचीच.

"माझंच आहे. चार-पाच वर्षं झाली असतील."

हत्तरगी खदखदून हसले. "माझ्या भाच्यानं काढलंय की! बेळगावात इंजिनिअर हाय. दर शनिवार-रविवारी बसून काढलं. हाताचा शिक्का पण हाय बघा मागं."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कौतुकच होतं. रवळनाथांनीही मान डोलावली. पण त्यानंतर कागदावर पेन्सिल टेकवली, की आपण आपलीच नक्कल करतोय असं त्यांना वाटायला लागलं. तीन वर्षांचे नंबर तीन महिन्यांवर आले, मग संपले. ज्याच्या त्याच्या घरात चौगुले मास्तर बसला होता. माडीवरच्या मास्तराकडं कोण कशाला येणार?

हे सगळं त्यांनी पचवलं असतं. विद्या राहिली, लेकीच्या हातात राहिली, यावर ते समाधान मानत होते. ते समाधान त्यांच्या बायकोनं मोडलं, तेही न कळत.

सविताबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. रवळनाथ दोन दिवस कोल्हापूरला जाऊन परत आले, तर त्या स्वयंपाकघराच्या दारात एक चिठ्ठी घेऊन उभ्या.

"अहो, हे तुम्ही कधी लिहिलंत?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'आई, दळण आणलंय. मला यायला उशीर होईल.'

"मी तुला आई कशाला म्हणीन?"

"तेच म्हणते मी. पण अक्षर तुमचं आहे."

अक्षर त्यांचंच होतं. 'आ'चा काना वर जरासा वाकलेला, शिरोरेघ शेवटी तुटलेली. रवळनाथांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. सविताबाई आत जाऊन शाल्मलीची कॉलेजातली वही घेऊन आल्या आणि त्यांनी ती चिठ्ठीशेजारी उघडली.

"तिचा 'श' मी गिरवून घेतलाय. पाटीवर, हातात हात धरून. पोट फुगलेला असायचा, बघा. आणि 'ळ'ला गाठ पडायची. किती ओरडले तरी सुटली नाही ती." त्यांचं बोट वहीतल्या 'ळ'वर थांबलं. "कुठं गेली ती गाठ?"

शाल्मली आल्यावर त्यांनी तिला नाव लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं. मग वहीकडे बघितलं. मग पुन्हा लिहिलं, सावकाश, जीभ दातांत धरून. तिसऱ्यांदा लिहिताना पेन खाली ठेवलं.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली.

रवळनाथांनी पुण्याला फोन लावला. डॉ. पाध्ये खोटं बोलल्या नाहीत. असे प्रकार आणखी काही ठिकाणी आढळले होते, बहुतेक लहान वयापासून हातानं काम करणाऱ्यांत.

"आपल्या डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, सर. हात कसा हलला, किती चुकला, याचा हिशेब तो ठेवतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. पण हुकूम कुणाचा होता, हे तो विचारत नाही. बाहीचा हुकूम त्याला स्वतःचाच वाटतो. शेतातून रोज नवी वाट तुडवली की जुनीवर गवत चढतं, तसं होतं. आम्हाला वाटलं होतं, तुमची वाट चित्रापुरती राहील. ती लिहिण्यावर गेली. कदाचित चालण्याबोलण्यावर जाणार नाही, पण हातापुरतं..."

"बाही तिनं केव्हाच काढली आहे. मग जुनी वाट परत येईल?"

"आपोआप नाही. नमुना लागतो. तिचा जुना हात नोंदवलेला असता, तर तीच बाही घालून तिला तिचाच हात परत शिकवता आला असता." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "फॉर्मवर 'गरज नाही' आहे. शिक्षकाच्या रकान्यात."

रवळनाथांनी फोन ठेवला. सविताबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी खरं ते सांगितलं. त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

श्रावणात दुंडाप्पा नावाचा एक म्हातारा एक चौकट घेऊन माडी चढून आला. काचेच्या आत कसर शिरली होती, तेवढी काढून द्या, म्हणाला. चित्र त्याच्या बायकोचं होतं, गौरव्वाचं. सहा वर्षांपूर्वी रवळनाथ तापानं पडले होते तेव्हा ते शाल्मलीनं एकटीनं काढलं होतं आणि ते तसंच घरी गेलं होतं. खोडरबर न लागता बाहेर पडलेलं तिचं ते एकच चित्र.

रवळनाथांनी ते चौकटीतून काढून खिडकीपाशी धरलं. डाव्या डोळ्याखाली एक काळी रेघ होती. फोटोत तसली रेघ असूच शकत नाही. ओठाचा कोपरा एका फटकाऱ्यात मारला होता. चित्राच्या नियमानं सगळं चूक होतं, आणि म्हातारी आत्ता उठून काहीतरी बोलेल असं वाटत होतं.

"बायको माझी तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची," दुंडाप्पा म्हणाला. "तशीच दिसती बघा. घरात वळलो की वाटतंय, आता बोलंल. तुमच्या चित्रातली माणसं लई शहाणी असत्यात, मास्तर. ही तशी न्हाई."

नऊ वर्षांत आपण किती चेहऱ्यांवरून खोडरबर फिरवला, ते आठवायचा प्रयत्न रवळनाथ करत होते. सत्तर असतील, कदाचित ऐंशी.

त्यांनी दुंडाप्पाकडून चित्र आठ दिवसांसाठी मागून घेतलं आणि शाल्मलीला बोलावलं.

"हे बघून काढ. जसंच्या तसं. ही रेघ, हा ओठ. तुझीच आहेत."

तिनं चित्र पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्यांना सहन होईना, म्हणून ते पेन्सिली तासत बसले. तीन दिवसांत तिनं अकरा कागद केले, नुसते डोळे-भुवया आणि ओठ. प्रत्येक कागदावर गौरव्वा सुरेख होती. छाया मऊ, कातडी जिवंत, भुवईचे केस शेवटाला डावीकडं झटकलेले. प्रत्येक कागदावर तिचं तोंड मिटलेलं होतं. चौथ्या दिवशी शाल्मलीनं डाव्या हातानं काढून बघितलं. रेघा वेड्यावाकड्या आल्या, लहान मुलासारख्या. पण त्या वेड्यावाकड्या रेघांतही भुवई डावीकडंच वळली.

"परत कर," रवळनाथ म्हणाले. "नीट बघ ना ओठाकडं. इथं जोर दे. न घाबरता एक फटकारा मार."

"बाबा, मला दिसतंय कसा यायला पाहिजे ते." तिचा आवाज चढला नाही. "आतून उठतोसुद्धा तो फटकारा. खांद्यापर्यंत येतो. मनगटाच्या पुढं हात तुमचा आहे."

"मी चुकलो गं."

"तुम्ही नऊ वर्षं सांगत होतात, हाताला वळण नाही म्हणून. मीपण मानलं. बाही मी आवडीनं घातली." तिनं पेन्सिल डब्यात ठेवली, झाकण लावलं. "ते माझं वळणच होतं, हे दोघांपैकी एकालाही कळलं नाही. आता कुणावर रागवू?"

"आणखी प्रयत्न करू. सहा महिने, वर्ष..."

"नको. प्रत्येक वेळी तुमचं चित्र माझ्या हातून निघताना बघणं मला नाही सोसत."

त्यानंतर ती माडीवर आली नाही. गावातल्या एका बियाण्यांच्या दुकानात ती बसायला लागली. तिथं लिहायचं काम नव्हतं. सगळं बोलून नोंदवायचं असायचं. दुंडाप्पाचं चित्र रवळनाथांनी स्वतः नेऊन दिलं. ते विकत मागायचं त्यांच्या मनात होतं. पण म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं आणि बायकोशी काहीतरी पुटपुटला, तेव्हा तो विचार त्यांनी गिळला. घरी येऊन त्यांनी कंपनीला आपला हात मागे घ्यायला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. करारात ते बसत नव्हतं, आणि तोवर तो हात दीड लाख लोकांच्या हातांत मुरला होता. तो तिथून परत बोलवायचा तरी कसा? त्यांनी स्वतःही काढायचं सोडलं. गिरणी चालू असो की बंद, ते खिडकीत बसून राहायचे.

दोन वर्षांनी शाल्मलीनं प्रणीत देसाई नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. शांत, थोडं बोलणारा. दोघांनी नोंदणी विवाह करायचा ठरवला. वधूकडून साक्षीदार म्हणून रवळनाथ सही करणार होते.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात एक मध्यमवयीन कारकून बाई होत्या. प्रणीतनं सही केली, शाल्मलीनं केली, मग रवळनाथांनी. बाईंनी नोंदवही स्वतःकडे फिरवली आणि चष्मा वर केला.

"काका, दोन्ही सह्या तुम्हीच केल्यात का?"

"नाही. तिची तिनं केली."

"मी समोरच बसलेय हो. पण हे बघा." त्यांनी दोन सह्यांवर दोन बोटं ठेवली. 'शाल्मली रवळनाथ चौगुले.' 'रवळनाथ आप्पासाहेब चौगुले.' दोन्हींतला 'रवळनाथ' एकावर एक ठेवला असता, तर केसाचाही फरक पडला नसता. बाईंनी शाल्मलीची सही असलेला कॉलेजचा जुना दाखला यंत्राखाली धरला, वहीतली सही धरली. लाल दिवा लागला. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा लाल.

"जुळत नाही, बाळ. उद्या कुणी तक्रार केली तर नोंद रद्द होईल. दाखल्यावर आहे तशी सही कर ना."

शाल्मलीनं दाखल्यावरची सही बघितली. पोट फुगलेला 'श', गाठ मारलेला 'ळ'. ती थोडा वेळ बघतच राहिली, ओळखीचं कुणी लांबून जाताना दिसावं तशी.

"ही सही मला येत नाही," ती म्हणाली.

सविताबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

कारकून बाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. वहीत 'सही दस्तुरखुद्द' असा छापील मजकूर होता. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिताना सवयीनं मोठ्यानं म्हणत गेल्या, "वधूस सही करता येत नाही, सबब निशाणी अंगठा." मग शाईचा डबा पुढं सरकवला.

शाल्मलीनं अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबला.

"आता अंगठ्याशेजारी तिचं नाव कुणीतरी लिहा. ज्यानं लिहिलं त्यानं खाली 'दस्तुर' म्हणून स्वतःचं नाव घालायचं."

प्रणीतनं पेन उचललं. शाल्मलीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबांना लिहू दे," ती म्हणाली. "कुणीही लिहिलं तरी माझं अक्षर आता तेच आहे."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर रवळनाथांना बरं वाटलं असतं. त्यांनी पेन घेतलं. आपल्या हातून एखादं अक्षर तरी तिच्यासारखं निघावं म्हणून ते क्षणभर थांबले. पण तीस वर्षांचा हात होता. तो थरथरला नाही, चुकला नाही. अंगठ्याच्या काळ्या ठशाशेजारी त्यांनी मुलीचं पूर्ण नाव लिहिलं, खाली 'दस्तुर' लिहून स्वतःचं लिहिलं आणि वही पुढं केली.

बाईंनी ती बघितली.

"अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या, आणि टीपकागद दाबला.